मासा बाहेर उजेडात बघून घ्यावा

साडी दुकानातल्या दिव्याखाली पसंत करायची नसते, हे आमच्या सौ.ना त्यांच्या आईने शिकवलं आणि आईला आजीने. पुण्यात लक्ष्मी रोडवर मी हा सोहळा पुष्कळदा हात बांधून पाहिलेला आहे. चार-पाच साड्या बाजूला निघतात. मग त्यातली एक दोन्ही हातांवर आडवी घेऊन बाईसाहेब दाराशी जातात, पदर उन्हात धरतात, डोळे बारीक करतात आणि परत येऊन जाहीर करतात, "आत मोरपंखी वाटत होती हो, ही तर चक्क हिरवी आहे." दुकानदाराला या फेरीची सवय असते. फार तर मागोमाग तो एक पोऱ्या पाठवतो, साडी दारातूनच परत फिरेल एवढं बघायला.

आम्ही आता राहतो त्या बेंगळुरूच्या येलहंक्यातल्या माशांच्या दुकानदाराला ही सवय नव्हती. त्याने निऑन टेट्रा जातीचे दहा मासे पिशवीत भरले, हवा कोंडली, रबर मारलं आणि पिशवी काउंटरवर ठेवली. सौ.नी ती उचलली, "जरा बाहेर उजेडात बघते" म्हणाल्या आणि सरळ फुटपाथवर. मासे घेऊन गिऱ्हाईक पळालं, असं वाटून तो माणूस हातातल्या जाळीसकट मागे धावला. बाहेर सौ. पिशवी उन्हात धरून उभ्या, शेजारच्या इडलीवाल्याची गिऱ्हाइकं चटणी विसरून बघतायत, आणि हा जाळी घेऊन.

"आत निळेशार होते," सौ. मला मराठीत म्हणाल्या, "आणि बाहेर बघा, नुसते पाण्याच्या रंगाचे. आतला दिवा बघितलात का केवढा आहे तो?"

"मॅडम, एल्ला अदे मीनु," तो काकुळतीने म्हणाला. सगळे तेच मासे आहेत.

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. निऑन टेट्रा घाबरला की रंग उतरवतो. रात्री झोपतानाही उतरवून ठेवतो, आपण घड्याळ काढून ठेवतो तसा. शिवाय त्याच्या कुशीवरची ती निळी रेघ म्हणजे रंगवलेली रेघ नव्हे. कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परततो, त्याची ती चमक. म्हणजे समोरून येणारा दिवा जसा, तसा मासा. नावसुद्धा त्याला दिव्यावरूनच मिळालं. निऑनचा दिवा जॉर्ज क्लोदने १९१० मध्ये पॅरिसमध्ये दाखवला आणि या माशाचं शास्त्रीय बारसं झालं १९३६ मध्ये. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, पानं कुजून चहाच्या रंगाच्या झालेल्या पाण्यात आणि झाडांच्या गर्द सावलीत हा लाखो वर्षं नाव-गाव नसताना सुखाने राहत होता. त्याला दिव्याचं नाव देऊन दिव्याखाली आणून बसवला आपण.

हे सगळं मी फुटपाथवर सांगायला लागलो तेव्हा सौ. म्हणाल्या, "मग आपल्या घरच्या दिव्याखाली कसे दिसतील तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. घरच्या दिव्यावरून तर दोन वर्षं रामायण चाललं होतं.

आमची टाकी तीन फुटांची. लांबी, रुंदी, उंची आणि काठापाशी सोडलेली जागा धरून पाणी साधारण १४० लिटर. ती येलहंका न्यू टाउनमध्येच करून घेतली, पण तिचं झाकण सांगलीचं. माझे सासरे, अण्णा, वीज मंडळातून निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये आमच्याकडे राहायला आले ते मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने, मांडीवर हे झाकण घेऊन. बाहेरून हिरवा, आतून पांढरा रंग दिलेला पत्रा, आत दोन होल्डर, दोन साठ-साठ वॉटचे बल्ब आणि मधोमध लोंबणारं काळं बटण. अख्खी रात्र डब्यातल्या लोकांनी त्यांना "काय आहे हो हे?" विचारलं आणि अण्णांनी प्रत्येकाला सविस्तर सांगितलं. यशवंतपूरला उतरेपर्यंत तो सगळा डबा मत्स्यपालनात तरबेज झाला असावा.

त्या दोन बल्बांखाली आमची टाकी कशी दिसायची, तर संध्याकाळी सहा वाजता वाड्याच्या ओसरीवर उजेड असतो तशी. सगळं जरा पिवळट, जरा तुपकट. गोल्डफिश लखलखायचे, एंजल मासे केशरी दुधात पोहल्यासारखे वाटायचे आणि निळ्या माशाची मात्र पार रया जायची. यात अण्णांना काही गैर वाटत नसे. मासळीबाजारात कोळीण पाटीवर पिवळा बल्ब टांगून बसते ते उगाच का, असं त्यांचं म्हणणं. सुरमई ताजी दिसते ना, मग जिवंत मासा किती ताजा दिसेल!

साध्या बल्बची एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. तो रंगाशी प्रामाणिक असतो. रंग किती खरे दिसतात हे मोजायची जी पट्टी आहे, तिच्यावर त्याला जवळजवळ शंभरपैकी शंभर गुण मिळतात. स्वस्त एलईडी सत्तर-ऐंशीवर पास होतो. विजेच्या हिशेबात मात्र तो अट्टल उधळ्या. घेतलेल्या शंभर रुपयांतले पाचेक रुपये उजेडावर खर्च करणार, बाकीचे तापण्यात घालवणार. आमच्या नात्यात असे दोघे-तिघे आहेत.

आता विरुद्ध पक्ष. आमच्या पलीकडच्या घरात जे अंकल राहतात, ते इथल्याच रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. १९८४ पासून रेल्वेची चाकं आणि आस इथे येलहंक्यात बनतात. तुम्ही गाडीत बसला असाल तर अंकलच्या हाताखालून गेलेल्या चाकावर बसला असाल, निदान त्यांचं तसं म्हणणं आहे. त्यांच्याकडेही टाकी, आणि ते कट्टर ट्यूबवाले. ट्यूबला टी-आठ म्हणतात ते कशामुळे, हे मला त्यांनी समजावलं: इंचाचे आठ भाग केले तर त्यातले आठ, म्हणजे जाडी एक इंच. टी-पाच म्हणजे त्यातले पाच, सोळा मिलीमीटर. साहेबाने सरळ "एक इंच" म्हणायचं सोडून हा अपूर्णांकांचा धडा का काढला, याचं उत्तर त्यांनाही देता आलं नाही.

अंकलना मराठी येत नाही, अण्णांना कन्नड येत नाही, आणि हिंदी दोघांचीही अशी की ती न बोललेली बरी. तरी रोज संध्याकाळी दोघे गच्चीत तासभर बोलतात. "चोक?" अंकल विचारतात. "चोक हॉट!" अण्णा म्हणतात. "स्टार्टर?" "स्टार्टर वीक, होल्डर लूज." मग दोघे बराच वेळ माना हलवतात. वीज या विषयात भारताची एक राष्ट्रभाषा आहे आणि ती इलेक्ट्रिकच्या दुकानात बोलतात, असं माझं मत झालंय.

ट्यूबच्या बाजूने अंकलचा मुख्य मुद्दा असा की ती दार वाजवून आत येते. बटण दाबल्यावर ट्यूब दोनदा-तीनदा लुकलुकते, मग लागते. माशाला पापण्या नसतात. मिट्ट काळोखात एकदम लख्ख उजेड पडला की तो बिचकून काचेवर आदळतो. ट्यूब कशी, आधी खाकरते. (माझ्या मते लुकलुकल्यामुळे तो तीनदा बिचकत असेल, पण शेजारधर्म आहे.) आणि जाता जाता एक दुःख. "याची ट्यूब उशिरा पेटते" हा मराठीतला एक फर्मास वाक्प्रचार एलईडीने मारला. आमच्या मुलीला तो समजावायला मला चोक, स्टार्टर आणि पाऱ्याची वाफ इतक्या गोष्टींमधून जावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "ओह, म्हणजे बफरिंग."

या मुलीनेच घरात एलईडी आणला. तिच्या वाढदिवसाच्या पैशांतून, १,८०० रुपयांना, तीन फुटांची चपटी पट्टी, अठरा वॉट, सोबत रिमोट. अठराशे ऐकून अण्णा उठून उभे राहिले. सरकारच्या उजाला योजनेत एलईडी बल्बची खरेदीची किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती, ती दोन वर्षांत ३८ वर आली, हे त्यांना तोंडपाठ. "दोन बल्ब घेतले असतेस तर शंभरात काम झालं असतं!" ते म्हणाले, आणि यात ते अगदी बरोबर होते. पाण्यातल्या साध्या झाडाला घरगुती पांढरा एलईडीही चालतो. झाड खोक्यावरचं नाव वाचत नाही. पण दिव्याच्या आधी "अ‍ॅक्वेरियम" हा शब्द लागला की दिव्याची किंमत लग्नाच्या आधी "डेस्टिनेशन" लागल्यासारखी चढते.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो, हे मला तेव्हा कळलं. आत निळा दिवा आणि त्याला पिवळी पूड फासलेली. निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. हळद लावून उजळवायची ही पद्धत आपल्याकडे मुहूर्ताला असते, पण निळा दिवा तयार करण्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा बोलायची सोय नाही. त्यावर आणि केल्विनचा घोळ. साधा बल्ब २,७०० केल्विनचा, त्याला म्हणतात उबदार. ही पट्टी ६,५०० ची, तिला म्हणतात थंड. आकडा चढला की उजेड थंड होतो. वर चढत गेलेल्या अधिकाऱ्यांचं असंच होतं, त्यामुळे मला ते पटकन समजलं.

पट्टी पहिल्यांदा लावली त्या रात्री आम्ही सगळे हॉलमध्ये अंधार करून बसलो. निऑन टेट्रा, जुन्या दिव्याखाली जे चिंचोक्यांसारखे दिसत, ते एकाएकी पेटले. खरोखर पेटले. पाण्यात कुणी निळ्या तारा ओढल्यासारखे. मला लहानपणी पाहिलेलं तारापोरवाला मत्स्यालय आठवलं. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं, मरीन ड्राइव्हवरचं. शाळेच्या सहलीत राणीची बाग झाली की तिथे नेत. आत सगळा काळोखा बोळ आणि दोन्ही बाजूंना उजळलेल्या खिडक्या, खिडक्यांत मासे. मास्तर हाका मारत असत आणि अंधारात कोण कुठे ते त्यांना दिसत नसे. सहलीतली सगळ्यात रम्य जागा ती. तर तेच सुख घरी, अठरा वॉटमध्ये.

मग मुलीने रिमोट दाबला.

रिमोटवर चोवीस बटणं होती. लाल, हिरवा, जांभळा, "चांदणं", "सूर्योदय", आणि एक बटण "वादळ". वादळ दाबलं की पट्टी काळवंडे आणि मधूनच वीज चमकल्यासारखी लकाके. एंजल मासे पानांमागे जाऊन बसले. अण्णा म्हणाले, "हे मत्स्यालय आहे का डान्स बार?" आणि रिमोट देवघरात ठेवण्यात आला, जिथे मुलगी अंघोळ केल्याशिवाय जात नाही. म्हणजे जातच नाही.

वादळाचं सांगायचं तर, बेंगळुरूला एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी ढग दाटून जो पाऊस कोसळतो, तो आला की आमच्याकडे पहिल्या गडगडाटाला वीज जाते. एकदा मुलीने रिमोट मिळवून टाकीत वादळ लावलं, तेवढ्यात बाहेर खरं आलं, आणि घरातलं वादळ जागच्या जागी बंद पडलं. हेच ते शहर, ज्याने ५ ऑगस्ट १९०५ ला मार्केटच्या चौकात विजेचा दिवा लावला आणि आशियात पहिले आम्हीच, असं अजून छातीठोकपणे सांगतं. ती वीज शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून आली होती. आताही पावसाचीच कृपा, फक्त उलट्या बाजूने. आणि पावसाची थट्टा येलहंक्यात जपूनच करावी. २०२१ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२४ च्या ऑक्टोबरात इथल्या केंद्रीय विहारमध्ये तळमजले बुडाले, माणसं बोटींतून बाहेर काढली. घरात टाकी ठेवणं वेगळं आणि घरच टाकी होणं वेगळं.

असो. आता हिशेब सांगतो, कारण एलईडी घेण्यामागचं जाहीर कारण बचत हे होतं.

जुने दोन बल्ब मिळून १२० वॉट. रोज आठ तास, म्हणजे महिन्याला जवळजवळ २९ युनिटं. नवी पट्टी अठरा वॉट, तेवढेच आठ तास धरले तर महिन्याला सव्वाचार. बचत साडेचोवीस युनिटं. मी हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावला. अण्णांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "पैसे किती वाचले?"

इथेच गाडं अडलं. कारण आमचं वीजबिल शून्य येतं. कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मध्ये तुमचा जो सरासरी वापर होता, त्यावर दहा टक्के धरून, दोनशे युनिटांच्या आत, तेवढी वीज फुकट. आमची सरासरी ११० होती, म्हणून आम्हाला १२१ युनिटं फुकट ठरली. त्या ११० मध्ये पत्र्याच्या झाकणातले दोन बल्ब २९ युनिटं फुंकत होते. म्हणजे त्यांनी तेव्हा उधळलं म्हणून आज माझा हक्क मोठा. मी २०२२ मध्येच शहाणा होऊन एलईडी लावला असता, तर मला नव्वदच्या आसपास युनिटं मिळाली असती. "बघ," अण्णा झाकणावरून हात फिरवत म्हणाले, "कमावता मुलगा आहे."

आणि वाचलेली साडेचोवीस युनिटं? त्यांचे पैसे कोणी परत देत नाही. शून्यातून बचत वजा केली तरी शून्यच उरतं. ती युनिटं मी देशाला अर्पण केली. आमच्या येलहंक्यातच ३७० मेगावॉटचं गॅसवर चालणारं वीज केंद्र आहे. अण्णांनी गणित करून सांगितलं की त्यावर आपल्यासारखी तीस लाख झाकणं पेटतील, तेव्हा तुझ्या एकाने काही अडणार नाही.

यानंतर दुकानदाराचा निरोप. पट्टी लावून महिना झाल्यावर मी झाडांना खत आणायला गेलो, तर त्याने विचारलं, दिवा किती तास लावता? म्हटलं, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत. पैसे पडत नाहीत, मग कंजुषी कशाला. तो हसला. "पाची बरुत्ते सार," म्हणाला. पाची येणार.

मी घरी येऊन सांगितलं की टाकीत पाचू येणार आहे. माझं कन्नड तेवढंच. सौ.नी विचारलं, "पाचू म्हणजे, खडा?" म्हटलं, शोभेचं काहीतरी असेल, किंवा हिरवा मासा. आम्ही वाट बघत राहिलो. आठ-दहा दिवसांत काचेच्या कोपऱ्यात खरोखर पाचूसारखा हिरवा ठिपका दिसला. मग दोन. मग अख्खी मागची काच. मग दगड, मग झाडांची पानं, मग पंपाची नळी. पंधराव्या दिवशी टाकीत मासे आहेत हे केवळ त्यांच्या बुडबुड्यांवरून कळत होतं. पाची म्हणजे कन्नडमध्ये शेवाळ. दिवा सोळा तास ठेवला तर झाडं काही दुप्पट वाढत नाहीत. त्यांचं पोट सहा-आठ तासांत भरतं, उरलेल्या पंगतीला शेवाळ बसतं. बल्बाच्या पिवळ्या उजेडात आमची अशी पंगत कधी उठली नव्हती, आणि तेव्हा दिवा आठ तासच असायचा, कारण नंतर पत्रा इतका तापायचा की हात लावला तर फोड यावा.

तो तापलेला पत्राच डिसेंबरात आठवला.

बेंगळुरूची हवा म्हणजे बाराही महिने माथेरान, असं पुण्याचे पाहुणे म्हणतात. माणसांना ते ठीक. एंजल माशाला २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं आणि आमच्या हॉलमध्ये डिसेंबरच्या रात्री थर्मामीटर टाकला तर एकवीस. एंजल मासे तळाशी जाऊन, पंख मिटून, लग्नात न बोलावल्यासारखे उभे. चार दिवसांनी अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. थंडीने आजारी पडले. पाच हिवाळे हे कधी झालं नव्हतं, कारण बंद पत्र्याखाली ते दोन उधळे बल्ब शंभरातले पंचाण्णव रुपये जे "वाया" घालवत होते, त्यातले बरेचसे पाण्यात जात होते.

तेव्हा हीटर आणला. शंभर वॉट, काचेची नळी, पाण्यात बुडवून ठेवायची. आपोआप चालू-बंद होतो; रात्रभरात मिळून आठेक तास चालतो. महिन्याला चोवीस युनिटं. मी फ्रिजवरचा कागद काढला आणि खाली लिहिलं: एलईडीमुळे बचत साडेचोवीस, हीटरचा खर्च चोवीस, निव्वळ बचत अर्धं युनिट. हीटर ९०० रुपये, पट्टी १,८००, माशांचं औषध १५०. अण्णांनी वाचलं. काहीच बोलले नाहीत. त्यांची ही सवय फार वाईट आहे.

लाल-निळ्या उजेडाची, केल्विनची, वॉटची ही सगळी चर्चा घरात चालू असताना माशांचं स्वतःचं मत काय होतं, याचा मला एकदाच अंदाज आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, १० ते १४ तारखेपर्यंत, एअरो इंडिया होतं. येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर हे विमानांचं प्रदर्शन १९९६ पासून भरतं. सकाळी दहाला सुखोई घरावरून गेला की भांडी, खिडक्या आणि कवळ्या एका सुरात वाजतात. टाकीचं पाणी थरथरतं. माशांच्या कुशीवर एक रेघ असते, तिने त्यांना पाण्यातली थरथर समजते, तेव्हा विमान त्यांना आपल्याआधी कळत असणार. निदान आमचे एंजल आवाजाच्या आधी वळायचे. आणि पट्टी निळी होती का पांढरी, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. प्रदर्शनाच्या आधीपासूनच तळापासून १३ किलोमीटरपर्यंत मांस-मासळी विकायला आणि हॉटेलांत वाढायला बंदी होती. टाकून दिलेल्या तुकड्यांवर घारी जमतात आणि घार विमानाच्या इंजिनात गेली तर संकट. अण्णा सांगलीचे असले तरी आजोळ मालवणचं. तीन आठवडे बाजारात मासा नाही आणि समोर हॉलमध्ये लख्ख प्रकाशात दहा पोहतायत. ते खुर्ची टाकीसमोर घेऊन बसू लागले. सौ.नी दोन-तीन दिवस पाहिलं आणि खुर्ची हलवली.

जुलैत दिव्याची अमावस्या आली. घरातले सगळे दिवे घासून-पुसून पाटावर मांडायचे, त्यांना हळद-कुंकू वाहायचं, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य. तीच गटारी, पण त्या वर्षी अमावस्या नेमकी गुरुवारी, म्हणून अण्णांनी आपली सुरमई बुधवारीच आटोपली होती आणि गुरुवारी ते स्वच्छ मनाने पाटापुढे बसले. समई, दोन निरांजनं, लामणदिवा, आजीचा कंदील. मग ते उठले, माळ्यावरून पत्र्याचं झाकण काढून आणलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि कंदिलाशेजारी ठेवलं.

"हे कशाला?" सौ.

"दिवा नाही का तो?"

यावर उत्तर नव्हतं. मग मुलगी म्हणाली की तसं असेल तर माझी पट्टीही दिवाच आहे. ती टाकीवरून काढली, पुसली, पाटावर ठेवली. रिमोटसकट. सौ.नी रिमोटलाही कुंकवाचं बोट लावलं, नेमकं "वादळ" या बटणावर. हीटर दिवा की शेगडी यावर थोडा वाद झाला. तो दिव्याचा धाकटा भाऊ म्हणून कोपऱ्यात घेतला.

पलीकडे अंकल-आंटींच्या घरीही पूजा चालली होती. त्यांची त्याच दिवशी भीमाची अमावस्या. दिव्यांची आरास करून ज्योतिर्भीमेश्वराची पूजा करतात आणि बायको नवऱ्याचे पाय पुजते. इकडे दिवे आणि तिकडे अंकल, अशी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पूजा. सौ.ना हे मी आदल्या वर्षी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हीही पाटावर बसा की, दिव्यांबरोबर."

आरती संपली आणि वीज गेली.

पट्टी पाटावर मेलेल्या सापासारखी पडलेली, झाकण गप्प, हीटर गप्प. टाकी बिनदिव्याची. पाटावरच्या समईचा तेवढा उजेड होता. तो काचेपर्यंत कसाबसा पोचत होता. मुलगी टाकीपाशी जाऊन बसली. म्हणाली, टेट्रांनी रंग काढून ठेवलेत, पण एकाची रेघ मधूनच दिसतेय. अण्णाही सरकत सरकत तिच्याशेजारी गेले. आमच्यात पुष्कळ वेळ कुणी काही बोललं नाही, फक्त हवेचा पंप बंद पडल्यामुळे मुलगी दर मिनिटाला पेल्याने पाणी वरून ओतत होती.

तेवढ्यात दार वाजलं. अंकल. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यात दोन अक्षता अडकलेल्या, पायांवर ओली हळद, हातात मोबाइलची बॅटरी.

"करेंट बंता?" त्यांनी विचारलं. आली का वीज?

अण्णांनी समईच्या उजेडात त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"यांचीही झालेली दिसते," ते म्हणाले, आणि कंदील जरा बाजूला सरकवून पाटावर जागा केली.